सात वाजताचा वानखडे

केबलवाला वानखडे पहिल्यांदा आमच्या दारात आला, त्या दिवशी मी त्याला झापलं होतं. टीव्ही सकाळपासून बंद होता. मी फोन करून बोलावलं. पाहतो तर दारात एक हडकुळा, सावळा माणूस, खांद्यावर वायरचं वेटोळं. चप्पल काढायच्या आधीच विचारतो, "कोण पाह्यत होतं जी?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? जनगणनेला आलात का? बंद पडलाय, चालू करा."

आतून आमची सुमन म्हणाली, "मी बघत होते हो भाऊ. साडेअकराचं स्वयंपाकाचं."

"मंग काही बुडालं नाही तुमचं, काकू. एक वाजता तेच पुन्हा लागते. तवर करून देतो."

पाऊण वाजता टीव्ही लागला आणि एक वाजता तीच बाई तीच वांगी भरताना दिसली. सुमननं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी उठून गॅलरीत गेलो.

मी सातवी शिकलेला माणूस. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं लाकडी पेट्या ठोकल्या. लिहायचा हात नाही. सुमन गेल्यावर ओळखीतले म्हणाले, वहिनींवर चार ओळी लिहा, मन हलकं होईल. दोनदा बसलो. तिचं नाव लिहिलं की पुढं काही सुचत नाही. मग वाटलं, वानखड्यावर लिहिता येईल. त्याच्यावर लिहिलं तर ती आपोआप येईलच, तिला टाळून त्याचं काही सांगताच येत नाही.

वानखडे यवतमाळकडचा. पुण्यात येऊन वीसेक वर्षं झाली होती, पण बोलणं तिकडचंच. आमच्या बाजूची तीन गल्ल्यांची केबल त्याच्याकडं होती. कोपऱ्यावरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्याची एक खोली होती, तिथून सगळ्या वायरी सुटायच्या. एकटाच राहायचा. चहा उभ्यानं प्यायचा. बसा म्हटलं तर म्हणायचा, "बसलो तर गोष्टी निघते जी."

दीडदोनशे चॅनलं आणि त्यांच्या वेळा त्याच्या डोक्यात होत्या, याचं मला एवढं काही वाटायचं नाही. आमच्या स्टोअरमधल्या कारकुनाला हजार जातीचे खिळे पाठ होते. वानखड्याची गंमत दुसरीच होती. त्याला वेळा पाठ होत्या आणि माणसंही पाठ होती, आणि तो दोन्हींचा मेळ घालायचा. भाजी घेताना एखादी बाई विचारायची, "भाऊ, ते नवीन कधी लागतं?" हा सांगायचा, "लागते साडेसहाले. पण तुमच्याकडं तवा नळाले पाणी राह्यते. तुमी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनले पाहा, तेच भाग." खडकवासल्यात पाणी कमी झालं की महापालिका आमच्या पाण्याची वेळ बदलायची. नवी वेळ आमच्या ध्यानात राहायची नाही, पण त्या आठवड्यात कुणाची कुठली मालिका बुडणार हे वानखड्यानं आधीच हिशेबात धरलेलं असायचं.

"चॅनलवाले मुंबईत बसून वेळ ठरवते," तो म्हणायचा. "त्याहिले वाटते, सात वाजले की लोक सोफ्यावर बसते. आपल्याकडं सात वाजता कोण हंड्यापाशी राह्यते, कोण शिफ्टहून येते, त्याहिले काय माहीत? ते कोणीतरी पाह्यलं पाह्यजे ना."

मी म्हणायचो, "अहो वानखडे, एवढी अक्कल होती तर कलेक्टर का नाही झालात?"

"कलेक्टरले कोण विचारते जी, मालिका किती वाजता हाय म्हणून?"

त्याचं एक खरं मोठेपण मी डोळ्यानं पाहिलं. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर जोशीबाई एकट्या राहायच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. एक वाजता त्या स्वयंपाकाचं बघायच्या, आणि ते शिकायला नव्हे, त्या बाईला रागवायला. "अगं, मोहरी तडतडू दे आधी!" हे आम्हाला रस्त्यावर ऐकू यायचं. एका दुपारी मी आणि वानखडे कोपऱ्यावर उभे. मी त्याला माझ्या गुडघ्याचं सांगत होतो. तो एकदम म्हणाला, "काका, थांबा." आणि कान देऊन उभा राहिला. मला काही वेगळं ऐकू येईना. जोशीबाईंचा टीव्ही चालू होता, कुणीतरी पुरुष मोठ्यानं काहीतरी विकत होता, तव्यांचा सेट की काय.

"एकचं संपून वीस मिनिटं झाले," वानखडे म्हणाला. "त्याच्यानंतर हा तव्यावाला लागते. बाई त्याले एक मिनिट चालू देत नाही. शिव्या देते आणि बंद करते."

म्हणेपर्यंत तो जिना चढत होता. मी मागं. दार वाजवलं, उत्तर नाही. शेजाऱ्यांकडची किल्ली आणून उघडलं तर जोशीबाई मोरीच्या उंबऱ्यात पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं, शुद्धीवर पण आवाज निघत नव्हता. आत तो तव्यावाला ओरडतच होता. रिक्षात घालून न्यायच्या आधी वानखड्यानं पहिलं काय केलं असेल तर टीव्ही बंद केला. बाईंनी डोळ्यांनीच त्याचे आभार मानले. तोच आवाज मीही ऐकत होतो की. माझेही कान धड होते.

त्यानंतर मी त्याला झापणं बंद केलं असं नाही, पण मनात भीड बसली.

पुढं सुमनला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. "वाजले?" दिवसातून पन्नास वेळा विचारायची. "वाजले?" मी म्हणायचो, "नाही अजून." काय वाजायचंय ते तिलाही सांगता यायचं नाही. सकाळी सहाला संध्याकाळ समजायची. भर दुपारी मला हातानं ढकलायची, डबा न घेताच कामावर चाललाय म्हणून. मला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती.

आणि जेवायची नाही. दूध, पेज घशाखाली उतरायची कशीतरी. घास पुढं केला की ओठ घट्ट. मुलगी कात्रजहून यायची, लाडीगोडी लावायची, रडायची, परत जायची. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर नळी घालावी लागेल.

वानखडे एकदा बॉक्स बघायला म्हणून आला. बॉक्सला काही झालेलं नव्हतं. खाटेजवळ उभा राहून बघत राहिला. मला म्हणाला, "काका, काकूचा दिवस सुटला हाताचा. बांधून देऊ का?"

मी म्हटलं, "दिवस काय लाकडाची पेटी आहे, बांधायला?"

त्यानं माझ्याकडून कागद मागितला नाही, काही नाही. तोंडानं सांगितलं आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. सकाळी सहाला भक्तिगीतांचं चॅनल, तोंड धुवायचं. नऊला बातम्या, दूध. एकला स्वयंपाकाचं, पेज. चारला पोरांची कार्टून, तेव्हा खिडकी उघडायची. सातला तिची मालिका, जेवण. मधल्या वेळात टीव्ही बंद. "एक बी दिवस पुढं मागं नाही करायचं. आवाज ऐकला की तिले समजलं पाह्यजे, कुठं हाय आपण."

आठवडा गेला. काही नाही. मी वैतागलो. दहाव्या दिवशी सातच्या मालिकेचं सुरुवातीचं गाणं लागलं आणि सुमननं विचारलं, "वाजले?" मी म्हटलं, "हो, वाजले." तिनं तोंड उघडलं. वरणभाताचे सात घास खाल्ले. मी मोजले. मीही तिथंच ताट घेऊन बसलो. त्या दिवसापासून आमचं जेवण सातला.

तीन महिने बरे गेले. मग एका शनिवारी पडद्याखाली पट्टी फिरली, सोमवारपासून मालिका सहा वाजता. सातला गाण्यांची स्पर्धा. मला वाटलं, तासाभरानं काय होतंय? सहाला ताट केलं. बाहेर ऊन होतं, खिडकीत उजेड होता, गाणं लागलं तरी सुमन ओठ उघडेना. सातला भलतेच लोक भलतंच गायला लागले. "वाजले? वाजले?" करून तिनं सगळं घर डोक्यावर घेतलं. तीन दिवस घास नाही. मी वानखड्याला फोन केला आणि खोटं कशाला सांगू, त्याला वाटेल ते बोललो. "तुमच्या चॅनलवाल्यांना सांगा, एक बाई मरतीये इथं."

तो म्हणाला, "त्याहिले कोण सांगते जी. आज सातले गल्लीचं चॅनल लावा."

गल्लीचं चॅनल म्हणजे त्याच्या खोलीतून सुटणारं आमच्या तीन गल्ल्यांपुरतं एक चॅनल. त्यावर साड्यांच्या दुकानाची जाहिरात, हरवलेल्या किल्ल्या, कुणाचा वाढदिवस असलं चालायचं. मी सातला लावलं. घड्याळाचा काटा बारावर आला आणि तेच गाणं, तीच मालिका, तोच आजचा सहाचा भाग. त्यानं तो आपल्या मशीनवर उतरवून घेतला होता आणि सातला सोडला होता. सुमननं तोंड उघडलं. मी घास मोजायचे विसरलो.

मला वाटलं, दोनचार दिवस करेल. रोज केलं. रविवारी मालिका नसते, त्या दिवशी सुमन आधी पेजेवरच राहायची, म्हणून रविवारी तो गुरुवारचा भाग पुन्हा लावायचा. मी विचारलं, "गुरुवारचाच का?"

"शनिवारी कोणीतरी मरते नाही तर लग्न मोडते, सोमवारी लोकाहिनं परत यावं म्हणून. गुरुवारी काहीच होत नाही जी. नुसतं घरात बसून बोलते. काकूले जेवताना तेच बरं."

बाकीच्या गल्लीला हे कळलंच. साडीवाल्यानं कुरबुर केली, त्याची जाहिरात सातची होती. वानखड्यानं ती आठला टाकली. मग गणपती आले. दहा दिवस मंडळाची संध्याकाळची आरती सातला गल्लीच्या चॅनलवर थेट दाखवायची, ही आमची जुनी पद्धत. घरी बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दर्शन होतं. मंडळाचा अध्यक्ष निकम, छाती पुढं काढून चालणारा. मांडवातच त्यानं वानखड्याला गाठलं. मी तिथं प्रसादाला नारळ द्यायला गेलो होतो.

"वानखडे, सातला आरती. कॅमेरा पावणेसातला."

"साडेसातले घ्या ना जी. नाही तर साडेसहाले."

"अहो, काय बोलताय? देवाची आरती आहे, सिनेमा नाही."

"देव थांबते जी," वानखडे म्हणाला. "काकू नाही थांबत."

मला वाटलं निकम आता हात उचलतो. मी जमिनीकडं बघत होतो. निकमनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग मूर्तीकडं पाहिलं. म्हणाला, "च्यायला," आणि माइक घेऊन जाहीर केलं, यंदा संध्याकाळची आरती साडेसातला. कुणी कारण विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आयुष्यात मला कुणी मान दिला नाही असं नाही, कारखान्यातून निरोप देताना शाल दिली होती. पण माझ्या बायकोच्या चार घासांसाठी अख्ख्या गल्लीचा गणपती अर्धा तास थांबला, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? घरी आलो तर सुमन विचारते, "वाजले?" मी म्हटलं, "तू म्हणशील तेव्हा वाजणार, बाई."

दिवाळीनंतर मालिका संपली. खरीच संपली, सगळ्यांचं भलं झालं, फोटो काढला. मी धसका घेतला. सोमवारी सातला हात जोडून टीव्ही लावला. तेच गाणं. आणि पडद्यावर मालिकेतले आबा, जे पावसाळ्यातच मेले होते, झोपाळ्यावर बसून चहा पीत होते. वानखड्यानं एकेक भाग जपून ठेवला होता. त्याच्याकडच्या पहिल्या भागापासून त्यानं परत सुरू केलं. सुमन आबांना बघून हसली. झटका आल्यापासून पहिल्यांदा डाव्या गालानं हसली. मी फोन करून सांगितलं, "वानखडे, तुम्ही मेलेला माणूस उठवला."

"काकूले सांगू नका, तो मेला होता म्हणून," तो म्हणाला आणि ठेवला.

सुमन गेली ती सकाळी. सातला नाही, काही नाही. साधी मंगळवारची सकाळ होती, दूध तापत होतं.

सुतकात टीव्ही लावत नाहीत. तेरा दिवस पाहुणे होते, गजबज होती. मुलगी म्हणाली, बाबा कात्रजला चला. मी नाही म्हटलं. ती एक दिवसाआड डबा पाठवायची, तो तसाच राहायचा. मी तो उचलून कुत्र्याला घालायचो. तोंडात घास फिरायचा आणि उतरायचा नाही. आणि रोज सातला शेजारच्या खिडकीतून, समोरून, खालून ते गाणं यायचं. गल्लीला सवय लागली होती, लोक पुन्हा पुन्हा बघत होते. मी कानात बोटं घालून बसायचो. बाविसाव्या दिवशी मला राग आला. ज्या बाईसाठी हे चालू केलं ती गेली, आता हा कुणाचं मनोरंजन करतोय? काठी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गच्चीवरच्या खोलीकडं निघालो. तीन जिने, गुडघ्यांनी जीव घेतला.

दार उघडं होतं. माझ्याकडं त्याची पाठ होती. मला वाटलं होतं मशीन आपोआप लावत असेल. तसं नव्हतं. वानखडे लाकडी स्टुलावर बसला होता, समोर छोटा पडदा, बाजूला भिंतीवरचं घड्याळ, बोट बटनापाशी. दुसऱ्या हातात फोन, कानाला.

"हो माय... येतो ना. या दिवाळीले नक्की... हो, मागच्या बी म्हणलं होतं, मालूम हाय... सातचं काम राह्यते ना इथं... नाही, दुसऱ्याले नाही जमत, मशीन मधीच अटकते, हातानं सोडा लागते... बरं, आता ठेवतो, होत आले."

सव्वा वर्ष. सव्वा वर्ष हा माणूस एकही दिवस सात वाजता दुसरीकडं नव्हता. ना गाव, ना आई, ना सण. आणि मी समजत होतो मशीन करतंय.

त्यानं मागं पाहिलं. "काका? तुमी काहून आले एवढे जिने चढून?"

रागानं आणलेलं वाक्य तोंडात होतं, ते तसंच बाहेर पडलं. "ती गेली, वानखडे. आता कुणासाठी लावता?"

"तुमच्यासाठी जी," तो म्हणाला, जसं काही हे विचारायचं कारणच नव्हतं. "तुमी बी तवाच जेवत होते ना."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. सात वाजायला दोन मिनिटं होती.

"बंद करायचं असंल तर करतो," तो म्हणाला. "फक्त उद्यापासून किती वाजता जेवान, तेवढं सांगा."

मी सगळ्यांना उत्तरं देतो. साहेबांना दिली, युनियनला दिली, डॉक्टरांना दिली. त्यालाही दिलं. म्हटलं, "सातलाच जेवीन. गाण्याबिगर जेवीन. तुम्ही आईकडं जा."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग आजच्यापुरतं राहू द्या," तो म्हणाला, आणि वळून बटन दाबलं. मी तिथंच उभ्यानं तो भाग पाहिला. सुमन गेली तसाच मंगळवार होता, पण त्या दिवशी मालिकेतही कुणी मेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सातला गल्लीच्या चॅनलवर साडीवाल्याची जाहिरात होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "काका, मालिका बंद झाली का हो?" मी म्हटलं, "हो, वानखडे गावी चाललेत." आणि ताट वाढून घेतलं. पहिल्या दिवशी दोन घास गेले. दुसऱ्या दिवशी चार. आता पोळी जाते.

वानखडे दोनेक महिन्यांनी कायमचाच गेला. सगळीकडं इंटरनेटची नवी लाइन आली होती, लोक मोबाइलवरच बघत होते. त्यानं आपल्या वायरी स्वतः उतरवल्या, एकेका घरातून, जशा घातल्या होत्या तशा. आमच्याकडं शेवटी आला. खिडकीच्या चौकटीत त्यानंच पाडलेल्या भोकातून वायर ओढून काढली आणि गुंडाळली. मी म्हटलं, बसा, चहा करतो. नको म्हणाला, गाडीची वेळ होती. मग खिशातून भोकं बुजवायच्या पांढऱ्या लांबीची पुडी काढली, पाण्याचा थेंब घालून मळली आणि ते भोक अंगठ्यानं दाबून दाबून भरलं. बाहेर थंडीचे दिवस होते. त्यानं तळहात उघडा करून भोकाच्या जागेसमोर धरला, बराच वेळ, डोळे मिटून, वारा येतो का बघत.

"आता नाही येत जी," म्हणाला आणि वेटोळं खांद्यावर टाकून जिना उतरला.